लाईट आली की सगळे पंप एकदम

कृष्णाकाठच्या ऊसपट्ट्यात, कराडपासून वाळवा-पलूसपर्यंत, शेतीसाठीची थ्री फेज लाईट चोवीस तास नसते. ती ठरावीक तासांसाठी येते, एका पाळीत दिवसा तर दुसऱ्या पाळीत रात्री. मधेच गेली तर परत कधी येईल याचा भरवसा नसतो. त्यावर उपाय म्हणून मोटरीच्या स्टार्टरला ऑटोस्विच जोडला जातो. लाईट आली की मोटर आपोआप चालू होते, माणसाला विहिरीवर जाऊन बटण दाबावे लागत नाही. एका शेतकऱ्याच्या बाजूने पाहिले तर यात खोट काढायला जागा नाही. हिशेब बिघडतो तो डीपीवर, म्हणजे या मोटरींना वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर. पाच एचपीची मोटर चालू असताना साधारण सात-आठ अँपिअर करंट ओढते, पण थेट लाईनवर सुरू होताना पहिले काही सेकंद तिला त्याच्या पाच ते सात पट करंट लागतो. ६३ केव्हीएच्या डीपीवर अशा दहा मोटरी असतील तर चालू स्थितीत त्या मिळून ५५ केव्हीएच्या आसपास भार टाकतात आणि डीपी तो पेलते. त्याच दहा मोटरी एका क्षणी सुरू झाल्या तर मागणी तीनशे केव्हीएच्या वर जाते. फ्यूज उडतो, फीडर ट्रिप होतो, काही वेळा डीपीच जळते. उपकेंद्रातून फीडर पुन्हा चार्ज केला की सगळे ऑटोस्विच पुन्हा एकदम जागे होतात. म्हणूनच ऑटोस्विच काढा आणि कॅपॅसिटर बसवा, असे आवाहन महावितरण वर्षानुवर्षे करत आली आहे.

संगणकाच्या प्रोग्रॅममध्ये हाच ऑटोस्विच ‘रिट्राय’ या नावाने बसलेला असतो. मोबाइलमधले ॲप बँकेच्या सर्व्हरला काही विचारते. उत्तर आले नाही, तर ते वापरणाऱ्याला न कळवता तोच प्रश्न पुन्हा पाठवते. प्रोग्रॅमर हे चार ओळींत लिहितो आणि बहुतेक वेळा ते उपयोगीही ठरते. मात्र त्या चार ओळी लिहिताना तो एकाच मोटरीचा विचार करत असतो. फेरप्रयत्न फुकट नसतो. त्याचा खर्च सामाईक साधनावर पडतो, आणि ते साधन आधीच अडचणीत असेल तेव्हाच तो सर्वांत जास्त पडतो. म्हणून पुन्हा प्रयत्न कधी, किती वेळा आणि किती अंतराने करायचा, हा नियम प्रत्येकाच्या मर्जीवर सोडण्यासारखा नाही. तो साधन वापरणाऱ्या सर्वांसाठी मिळून ठरवावा लागतो आणि यंत्रणेतच घालून द्यावा लागतो. हे म्हणणे संगणकाच्या इतिहासात वेळोवेळी सिद्ध झाले आहे, आणि प्रत्येक वेळी नुकसान सोसूनच.

आधी फेरप्रयत्नाची बाजू नीट मांडली पाहिजे, कारण ती भक्कम आहे. पुष्कळशी अपयशे क्षणिक असतात. उघड्या तारांच्या वीजवाहिनीवर होणारे बहुतांश बिघाड असेच असतात. वाऱ्याने फांदी तारेला लागते, पक्षी बसतो, वीज कडाडते, आणि क्षणभराने तार पुन्हा मोकळी असते. अशा प्रत्येक वेळी वायरमनला पाठवून लाईन तपासायची म्हटले तर गावे तासन्‌तास अंधारात राहतील. म्हणून वीजवाहिन्यांवर रिक्लोजर नावाचे यंत्र बसवतात. ते बिघाड दिसताच लाईन तोडते, थोडे थांबून स्वतःच जोडून पाहते, पुन्हा बिघाड दिसला तर आणखी एकदोनदा तसेच करते आणि मग मात्र लाईन बंद करून माणसाची वाट पाहते. संगणकाच्या जाळ्यातही हेच चालते. माहितीचे एखादे पाकीट वाटेत हरवते, एखादा सर्व्हर पुन्हा चालू होत असतो, टॉवर बदलताना मोबाइलचे कनेक्शन सेकंदभर तुटते. इथे पुन्हा प्रयत्न करणे हाच शहाणपणा. फेरप्रयत्न अजिबात नकोत असे म्हणणाऱ्याने हेही लक्षात घ्यावे की प्रोग्रॅमने प्रयत्न केला नाही तर माणूस करतो. तो बटण दहा वेळा दाबतो, आणि त्याच्या बोटाला कोणतीही मर्यादा घालता येत नाही. रिक्लोजरमधला खरा धडा त्याच्या संयमात आहे. त्याचे प्रयत्न मोजके आहेत, मधे विश्रांती आहे आणि शेवटी थांबणे आहे.

अडचण सुरू होते ती अपयशाचे कारणच गर्दी असते तेव्हा. फांदी लागल्यामुळे तुटलेली लाईन पुन्हा जोडल्याने फांदीचे वजन वाढत नाही, पण भार न पेलल्यामुळे बसलेल्या यंत्रणेला पुन्हा हाक मारली की भार वाढतो. हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन यांनी १९७१ मध्ये ‘अलोहा’ नावाचे रेडिओवरचे संगणकजाळे सुरू केले. त्यात सगळी केंद्रे एकाच वाहिनीवर बोलत. दोघांचे संदेश एकमेकांवर आदळले की दोन्ही वाया जात आणि दोघे पुन्हा पाठवत. गणित मांडल्यावर असे निघाले की या पद्धतीत वाहिनीच्या क्षमतेपैकी जास्तीत जास्त १८ टक्क्यांच्या आसपासच उपयोगी पडते. त्यापुढे प्रयत्न वाढवले तर पोहोचणारे संदेश वाढण्याऐवजी घटतात. याहून मोठा दाखला ऑक्टोबर १९८६ मधला आहे. कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळा आणि बर्कले विद्यापीठ यांच्यात अंतर होते जेमतेम चारशे यार्डांचे. त्यांच्यातल्या इंटरनेट जोडणीचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर, म्हणजे आठशे पटींनी खाली आला. तारा शाबूत होत्या, संगणकही चालू होते. पोच मिळाली नाही म्हणून प्रत्येक संगणक तीच पाकिटे पुन्हा पाठवत होता आणि त्या पाकिटांच्या गर्दीत नवी पाकिटे अडकत होती. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये यावरचा उपाय मांडला. पोच आली नाही तर ते गर्दीचे लक्षण समजून पाठवण्याचा वेग झटकन कमी करायचा आणि मग हळूहळू वाढवायचा.

यावर पहिला आक्षेप असा येतो की मग क्षमताच वाढवा. डीपी १०० केव्हीएची करा, सर्व्हर दुप्पट घ्या. क्षमता कमी असेल तर ती वाढवलीच पाहिजे, पण त्याने हा रोग बरा होत नाही. कोयना प्रकल्पाची सगळी मिळून सुमारे १,९६० मेगावॉटची वीज मागे उभी असली तरी शेवटच्या डीपीवर एका क्षणी किती मोटरी उठतात, यावरच तिथला निकाल लागतो. शिवाय हे अपयश स्वतःला पोसते. सगळ्या मोटरी एकदम उठल्या की व्होल्टेज पडते. मोटरीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो, म्हणजे व्होल्टेज ८० टक्के उरले तर जोर ६४ टक्केच उरतो. त्यामुळे मोटर गती घ्यायला जास्त वेळ लावते, आणि तेवढा जास्त वेळ ती सुरुवातीचा मोठा करंट ओढत राहते. मूळ कारण संपले तरी परिणाम आपल्या बळावर चालू राहतो. संगणकशास्त्रज्ञांनी मोठ्या यंत्रणांमधल्या अशा बिघाडांचा २०२१ मध्ये एक स्वतंत्र वर्ग म्हणून विचार मांडला. त्याची लक्षणे ॲमेझॉनच्या डायनॅमोडीबी या सेवेने त्याआधीच अनुभवली होती. २० सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेच्या पूर्व भागातल्या तिच्या केंद्रात जाळ्याचा छोटासा खंड पडला आणि तो लगेच दूरही झाला. पण त्या खंडानंतर साठवणुकीच्या सर्व्हरांनी आपल्या वाट्याची माहिती एका मध्यवर्ती सेवेकडे एकदम मागितली. ती वेळेत मिळेना, म्हणून ते पुन्हा पुन्हा मागू लागले. मध्यवर्ती सेवेवरचा भार इतका वाढला की तिला जादा क्षमता जोडण्याचे कामही होईना. शेवटी अभियंत्यांना येणाऱ्या मागण्याच काही काळ थांबवाव्या लागल्या. क्षमता वाढवण्यासाठीसुद्धा आधी फेरप्रयत्न रोखावे लागले, यातच त्या आक्षेपाचे उत्तर आहे.

आपल्याकडचा दाखला तर प्रत्येकाच्या खिशातला आहे. १२ एप्रिल २०२५ रोजी देशभर यूपीआयचे व्यवहार काही तास रखडले. साताऱ्याच्या भाजीवाल्यापासून मुंबईच्या मॉलपर्यंत सगळ्यांना त्याचा फटका बसला. यूपीआय चालवणाऱ्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने कारण शोधले तेव्हा बोट गेले ते ‘व्यवहाराचे काय झाले’ हे विचारणाऱ्या संदेशांकडे. व्यवहार अडकला की बँकांच्या यंत्रणा मध्यवर्ती यंत्रणेला त्याची स्थिती विचारतात. उत्तर आले नाही की पुन्हा विचारतात. या चौकशांचा पूर आला आणि खऱ्या व्यवहारांना वाट उरली नाही. त्यानंतर बँकांना नियम घालून देण्यात आला. व्यवहारानंतर पहिली चौकशी ९० सेकंद उलटल्यावरच करायची आणि दोन तासांत तीनपेक्षा जास्त चौकशा करायच्या नाहीत. १ ऑगस्ट २०२५ पासून आणखी बंधने आली. एका ॲपवरून एका ग्राहकाने दिवसात ५० वेळाच शिल्लक पाहायची. दरमहा आपोआप कापल्या जाणाऱ्या हप्त्यांची वसुली गर्दीच्या वेळा टाळून करायची, आणि त्यासाठी एक मूळ प्रयत्न व जास्तीत जास्त तीन फेरप्रयत्न करायचे. चार ओळींचा जो निर्णय पूर्वी एखादा प्रोग्रॅमर एकट्याने घेत होता, तो आता देशाच्या पेमेंट व्यवस्थेच्या परिपत्रकात आला आहे.

या नियमांमागची तत्त्वे एकेक करून पाहण्यासारखी आहेत. पहिले तत्त्व म्हणजे वाट पाहणे, आणि दर वेळी आधीपेक्षा जास्त. पहिल्या अपयशानंतर एक सेकंद, मग दोन, मग चार, मग आठ. एका ठरावीक कमाल वेळेपर्यंत हे अंतर दुप्पट होत जाते. अपयश क्षणिक असेल तर पहिल्या एकदोन प्रयत्नांतच काम होते आणि कोणाचे फारसे बिघडत नाही. दुखणे मोठे असेल तर प्रयत्न आपोआप विरळ होत जातात आणि यंत्रणेला सावरायला अवधी मिळतो. किती थांबावे हे आधी कोणालाच माहीत नसते. दुप्पट करत जाण्याची पद्धत ते अपयशाकडूनच शिकत जाते. १९७३ मध्ये अमेरिकेत झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत जन्मलेल्या इथरनेटमध्ये हीच रीत आहे. तिथे धडक झाली की दर वेळी थांबण्याची मुभा दुप्पट होते, आणि सोळा प्रयत्न फसले की यंत्र नाद सोडून वर कळवते.

नुसते थांबून मात्र भागत नाही. सगळ्या ऑटोस्विचना तीस सेकंदांचा टायमर बसवला तर डीपीवरची आपत्ती तीस सेकंद उशिरा येईल, इतकेच. थांबण्याला विखुरण्याची जोड हवी. प्रत्येकाने शून्य ते तीस सेकंदांमधला कोणताही एक आकडा यदृच्छेने उचलावा आणि तेवढे थांबावे. मग दहा मोटरी सरासरीने तीन-तीन सेकंदांच्या अंतराने उठतील आणि सुरुवातीचा करंट एकमेकांवर फारसा चढणार नाही. शिस्तीत वाढलेल्या अभियंत्याला यदृच्छा आवडत नाही. क्रमच का लावू नये, असे तो विचारतो. क्रम लावणारा कोणी असेल तर जरूर लावावा. टेंभू, ताकारी, म्हैसाळ यांसारख्या उपसा योजनांच्या पंपगृहांत मोठे पंप एकामागून एक सुरू करता येतात, कारण तिथे सगळ्या पंपांवर एकाच चालकाची नजर असते. डीपीवरच्या दहा मोटरींचे मालक दहा आहेत आणि एकाची मोटर दुसऱ्याच्या मोटरीशी बोलत नाही. लाखो मोबाइलांची स्थितीही तीच आहे. जिथे आपसांत बोलणे शक्य नाही तिथे एकमेकांच्या वाटेतून बाजूला होण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग यदृच्छा हाच आहे.

तिसरे तत्त्व मर्यादेचे, आणि यात सर्वांत जास्त चुका होतात, कारण गुणाकार डोळ्यांना दिसत नाही. एक मागणी ॲपपासून बँकेच्या दारापर्यंत, तिथून आतल्या सेवेपर्यंत आणि तिथून माहितीच्या साठ्यापर्यंत अशी तीन टप्प्यांतून जाते असे धरू. प्रत्येक टप्प्यावरच्या प्रोग्रॅमरने सावधगिरी म्हणून एकूण तीन-तीन प्रयत्नांची सोय केली. प्रत्येकाला आपला आकडा माफकच वाटतो. पण सर्वांत खालचा साठा कोलमडला की वरची एक मागणी त्याच्यापर्यंत पोहोचताना तीन गुणिले तीन गुणिले तीन, म्हणजे २७ प्रयत्न होतात. पडलेल्याला उठू न देण्याची ही पक्की व्यवस्था झाली. म्हणून फेरप्रयत्न एकाच टप्प्यावर करावेत, बाकीच्यांनी अपयश सरळ वर कळवावे. त्याच्या जोडीला गूगलच्या अभियंत्यांनी वापरलेला अंदाजपत्रकाचा नियम फार उपयोगी आहे. प्रत्येक ग्राहक-प्रोग्रॅमचे फेरप्रयत्न त्याच्या एकूण मागण्यांच्या १० टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचे नाहीत. अधूनमधून होणारी अपयशे या दहा टक्क्यांत सहज सामावतात. सगळेच कोसळले तरी फेरप्रयत्नांमुळे भार तिप्पट न होता सुमारे १.१ पट राहतो. याच्या पुढची पायरी वीजक्षेत्राकडूनच नावासकट घेतलेली आहे. मायकेल नायगार्ड यांनी २००७ च्या आपल्या पुस्तकातून लोकप्रिय केलेल्या ‘सर्किट ब्रेकर’ पद्धतीत अपयशे एका संख्येपलीकडे गेली की प्रोग्रॅम काही काळ मागणी पाठवणेच बंद करतो. मग एखादी चाचणीची मागणी पाठवून पाहतो आणि ती जमली तरच दार पुन्हा उघडतो.

चौथे तत्त्व भाराचे नाही, अर्थाचे आहे. काही कामे पुन्हा केली तरी परिणाम बदलत नाही. शिल्लक दोनदा विचारली म्हणून ती कमी होत नाही. पैसे दोनदा पाठवले तर मात्र दोनदा जातात. सांगलीच्या मार्केट यार्डात अडत्याने हळदीच्या पट्टीचे पैसे शेतकऱ्याच्या खात्यावर पाठवले आणि पडद्यावर ‘अयशस्वी’ असे आले, तर त्याचे अर्थ दोन असू शकतात. एक तर संदेश बँकेपर्यंत गेलाच नाही, किंवा तो गेला, पैसे वळते झाले आणि फक्त उत्तर परत येताना हरवले. पाठवणाऱ्याला या दोन्हींतला फरक कळण्याची सोय नसते. म्हणून प्रत्येक व्यवहाराला पाठवणाऱ्यानेच एक वेगळा क्रमांक द्यायचा आणि फेरप्रयत्नातही तोच ठेवायचा. घेणाऱ्याने तो क्रमांक आधी पाहिला असेल तर काम पुन्हा न करता जुनेच उत्तर द्यायचे. ही सोय नसेल तिथे आपोआप फेरप्रयत्न करूच नयेत. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात अडकलेल्या पैशांसाठी मुदती घालून दिल्या, त्याचे महत्त्व इथे कळते. एका खात्यातून रक्कम वजा झाली आणि दुसऱ्या व्यक्तीच्या खात्यात जमा झाली नाही, तर यूपीआयमध्ये ती दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत आली पाहिजे, नाहीतर दर दिवसाला १०० रुपये भरपाई. पैसे परत येणारच आहेत याची खात्री असली की माणूस घाईने दुसऱ्यांदा पाठवत नाही.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. थांबा, विखुरा, मर्यादा घाला, हे सांगणे सोपे आहे, पण थांबण्याची किंमत कोण मोजतो? रात्रीच्या पाळीत लाईट येते तेव्हा ऑटोस्विच काढलेल्या शेतकऱ्याला अंधारात, विंचू-सापांतून विहिरीवर जावे लागते. शिराळा, पाटण, कराडच्या भागात उसात बिबट्याही असतो. त्याने ऑटोस्विच लावला तर त्याला बेजबाबदार कसे म्हणायचे? त्यातही एक गोम आहे. दहांपैकी नऊ जणांनी ऑटोस्विच ठेवला आणि एकाने काढला, तर डीपी वाचत नाही आणि त्या एकाचे पाणी मात्र हुकते. सज्जनाला दंड आणि घाई करणाऱ्याला बक्षीस, अशी ही रचना आहे. हा आक्षेप पूर्णपणे खरा आहे, आणि त्यामुळेच वरचे म्हणणे ढासळण्याऐवजी पक्के होते. नुसत्या आवाहनाने हा प्रश्न सुटत नाही, कारण आवाहन एकेका माणसाला केले जाते आणि अडचण सगळ्यांची मिळून असते. ऑटोस्विच काढा या सांगण्यात शेतकऱ्याची सोयही जाते, आणि ती जाण्याची काहीच गरज नाही. दोष आपोआप सुरू होण्यात नाही, एकाच क्षणी सुरू होण्यात आहे. शेतीला दिवसा वीज देण्यासाठी २०१७ पासून राज्यात सुरू असलेली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना रात्रीच्या फेऱ्या टाळण्याचा मार्ग आहे. पण दिवसा लाईट आली तरी सगळ्या मोटरी एकदम उठणार असतील तर डीपीचे भवितव्य तेच राहील.

इंटरनेट १९८६ च्या कोंडीतून बाहेर आले, ते ‘कृपया कमी पाकिटे पाठवा’ असे आवाहन करून नव्हे. जेकबसन यांचा उपाय संगणकांच्या मूळ प्रणालीतच घातला गेला आणि ती प्रणाली वापरणाऱ्या प्रत्येकाला तो न मागता मिळाला. संयम हा वापरणाऱ्याचा सद्गुण न राहता यंत्राचा स्वभाव झाला. यूपीआयमध्येही तेच झाले. चौकशीचे अंतर आणि संख्या मध्यवर्ती संस्थेने ठरवली आणि सगळ्या बँकांना सारखीच लागू केली, त्यामुळे नियम पाळणारी बँक मागे पडली नाही. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी यातून निघणारा निष्कर्ष सरळ आहे. रिट्राय प्रत्येकाने आपापल्या परीने लिहू नये, वाढते अंतर, यदृच्छा, मर्यादा आणि व्यवहार-क्रमांक आधीच घातलेली सामाईक सोय वापरावी. सर्व्हर सांभाळणाऱ्यांनीही ‘आता नको, इतक्या वेळाने या’ असे सांगण्याची आणि न ऐकणाऱ्याला अडवण्याची व्यवस्था ठेवावी. शेतीच्या मोटरीलाही हाच न्याय लावता येईल. लाईट आल्यावर यदृच्छेने काही सेकंद ते काही मिनिटे थांबूनच मोटर उठवेल असा ऑटोस्विच कारखान्यातूनच यावा, तो वेळ बदलण्याचे बटण त्याला नसावे आणि जोडणी देताना तोच बसवण्याची अट असावी. त्याने कोणत्याही एका शेतकऱ्याचे फार तर काही मिनिटांचे पाणी जाईल, आणि डीपी जळाल्यावर सगळ्यांचे जे काही दिवसांचे पाणी जाते ते वाचेल.